चहाच्या आधीचा एक तास

"तिला थायरॉइड आहे." साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात हे वाक्य हल्ली ऐकू येतं. शुगर आहे, बीपी आहे, तसा थायरॉइड आहे. खरं तर थायरॉइड सगळ्यांनाच असतो, जशी साखर सगळ्यांच्या रक्तात असते. पण बिघडल्याशिवाय त्याचं नाव कुणी घेत नाही, म्हणून अवयवाचं नावच दुखण्याला चिकटलं. पाठ्यपुस्तकात या ग्रंथीला अवटू म्हणतात. अमरकोशात अवटू म्हणजे मानेची मागची बाजू, आणि ही ग्रंथी बसलेली असते गळ्याच्या पुढे, कंठमण्याच्या खाली. तेव्हा तो शब्द लोकांच्या तोंडी बसला नाही याचं फार वाईट वाटून घ्यायला नको. आपल्याकडचा जुना शब्द गलगंड. पण तो गळ्यावर गाठ दिसली तरच उपयोगाचा, आणि आज गोळी घेणाऱ्या बहुतेकांच्या गळ्यावर बघण्यासारखं काहीच नसतं.

ग्रंथीचं वजन 15 ते 20 ग्रॅम, म्हणजे साताऱ्यात दोन कप चहात घालतात साधारण तेवढ्या साखरेएवढं. रक्तातलं आयोडीन उचलायचं, त्यापासून टी-फोर आणि थोडं टी-थ्री बनवायचं आणि हळूहळू सोडत राहायचं, एवढंच तिचं काम. टी-फोरमध्ये आयोडीनचे चार अणू, टी-थ्रीमध्ये तीन. खरं काम करतं ते टी-थ्री. त्यातलं बहुतेक ग्रंथीत बनत नाही, यकृतासारख्या अवयवांत टी-फोरमधला एक अणू काढून तयार होतं. पेशीनं किती वेगानं इंधन जाळायचं हे या रसायनावर ठरतं. हृदय, आतडी, कातडी, गर्भाशय, मेंदू, कुणीच त्यातून सुटत नाही. म्हणून ग्रंथी मंदावली की तक्रारी इतक्या ठिकाणांहून येतात की त्या एकाच घरातल्या आहेत हे कळत नाही.

ग्रंथीवर देखरेख मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीची. ऊसतोडीच्या फडावर मुकादम असतो तशी. कामगार नीट काम करत असेल तर मुकादम हळू आवाजात बोलतो, कामगार ढिला पडला की ओरडायला लागतो. पिट्युटरी रक्तात सोडते तो टीएसएच म्हणजे मुकादमाची हाक. रिपोर्टवर टीएसएच वाढलेला दिसला की "थायरॉइड वाढलाय" असं लोक म्हणतात. झालेलं असतं बरोबर उलटं, ग्रंथी मंद झाली म्हणून हाक मोठी झाली. हा उलटा अर्थ लावूनच अनेक घरांत गोळी बंद होते: "आधीच वाढलाय, वर अजून कशाला घ्यायचा?"

बहुतेक प्रयोगशाळा टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण 0.4 ते 4 किंवा 5 अशी छापतात. टी-फोर किंचित घसरलं तरी टीएसएच कित्येक पटींनी चढतो, म्हणून सुरुवातीचा बिघाड पकडायला तोच उत्तम. पण कधी मुकादमच फडावर नसतो. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला तर पिट्युटरीला रक्त कमी पडून ती मरगळते. अशा बाईला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, पुढे महिनोन्‌महिने अंगात त्राण राहत नाही, आणि टीएसएच मात्र नॉर्मल दिसतो, कारण हाक मारणाराच थकलेला. तिथे फ्री टी-फोर, म्हणजे रक्तात मोकळं फिरणारं टी-फोर, तपासल्याशिवाय काही कळत नाही. अशा बाईला थायरॉइडची गोळी एकदम सुरू करायची नसते. पिट्युटरी खचली की बऱ्याचदा कॉर्टिसॉल हे ताण पेलायला लागणारं संप्रेरकही कमी झालेलं असतं, ते आधी भरून काढावं लागतं. नाहीतर गोळीनं वाढलेला वेग शरीराला पेलत नाही.

मंद थायरॉइडचा आजार ठरावीक दिवशी येत नाही, म्हणून त्याची तारीख कुणाला सांगता येत नाही. दिवाळीला नेहमीएवढ्या करंज्या झालेल्या असतात. संक्रांतीला वड्या थापताना हाताला मुंग्या येतात. होळीपर्यंत दुपारी आडवं झाल्याशिवाय भागत नाही. घरात त्याला नावं मात्र लगेच मिळतात: बाई असेल तर आळस, म्हातारं माणूस असेल तर वय, बाळंतीण असेल तर अंगात शिरलेलं वारं, शाळकरी पोर असेल तर अभ्यासात लक्ष नाही. मला वाटतं, या आजारानं होणाऱ्या त्रासातला मोठा वाटा या नावांचा आहे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो कितीतरी पट जास्त. आणि दमणं हे बाईचं कामच आहे असं मानणाऱ्या घरात दमण्याची तपासणी कोण करणार?

थंडी घ्या. साताऱ्याला कासकडून येणारा वारा जानेवारीत सगळ्यांनाच झोंबतो. पण चैत्रात, बाकीचे गच्चीवर झोपायला लागले असताना, एखादीला पांघरूण लागत असेल तर तिच्या अंगातली भट्टीच मंद झालेली असते. घाम कमी, कातडी कोरडी, टाचा भेगाळलेल्या, भुवईची बाहेरची टोकं विरळ. सकाळी पापण्या आणि चेहरा फुगलेला. ही सूज बोटानं दाबली तर खड्डा पडत नाही. साध्या पाण्याच्या सुजेत पडतो. इथे कातडीखाली हायल्युरॉनिक ॲसिडसारखी चिकट द्रव्यं साचतात आणि पाणी धरून ठेवतात. मनगटात तेच साचलं की मज्जातंतूवर दाब येऊन रात्री बोटं बधिर होतात. स्वरयंत्राच्या पडद्यांवर साचलं की आवाज घोगरा होतो. मिरजेसारख्या तंबोऱ्यांच्या गावात हे लवकर लक्षात यावं. काळी पाचमध्ये गाणारीला वरचा षड्ज अचानक लांब वाटायला लागला आणि घशाच्या गोळ्यांनी, हळदीच्या दुधानं महिनाभरात फरक पडला नाही, तर रियाजाला दोष देण्याआधी टीएसएच पाहावा.

हळदीवरून आठवलं. गाजर, पपई, पालेभाजीतल्या कॅरोटीनचं आतड्यात आणि थोडं यकृतात व्हिटॅमिन ए होतं आणि थायरॉइड मंद असला की हे कामही मंदावतं. मग ते पिवळं द्रव्य तळहाता-तळपायांत उतरतं. सांगलीत, हळदीच्या पेठेत, पिवळे तळवे पाहून कुणी दोनदा बघणार नाही. इतरत्र लगेच कावीळ म्हणतात आणि उतारा शोधायला निघतात. ओळख सोपी आहे. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, इथे तो पांढराच राहतो.

आतडी मंदावली की बद्धकोष्ठ. हृदय मंदावलं की नाडी साठच्या खाली आणि रक्तदाबाचा खालचा आकडा वर. यकृताच्या पेशींवरची कोलेस्टेरॉल उचलणारी केंद्रं कमी होतात, म्हणून एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढतं. हा मुद्दा कामाचा आहे. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून स्टॅटिनची गोळी सुरू करण्याआधी एकदा टीएसएच करून घ्यावा. मूळ थायरॉइडमध्ये असेल तर तो भरून काढल्यावर कोलेस्टेरॉल बरंचसं आपोआप उतरतं. उलट थायरॉइड तसाच ठेवून स्टॅटिन दिलं तर स्नायू दुखायचा धोका वाढतो, आणि मग माणूस दोन्ही गोळ्यांना शिव्या घालतो.

पाळी हा वेगळाच पेच. अंगावरून जास्त जातं, जास्त दिवस जातं, त्यातून रक्त कमी होतं, त्यातून थकवा. मग लोहाची गोळी दिली जाते. हिमोग्लोबिन थोडं चढतं, पुन्हा घसरतं, कारण गळती चालूच. काहींच्या बाबतीत मेंदूतून सुटणाऱ्या संदेशामुळे प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढतं, बाळ नसताना छातीतून दूध येतं, बीज सुटत नाही, दिवस राहत नाहीत. लग्नाला तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही म्हणून देवदेव सुरू झालेल्या घरात या तपासणीचा क्रम कधीकधी नवसांच्या नंतर येतो.

मनावर होणारा परिणाम सगळ्यात उशिरा ओळखला जातो. शब्द आठवत नाहीत, हिशेबाला वेळ लागतो, कशातच रस वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाला विसरायला होतं तेव्हा घरचे म्हणतात, आता वय झालं. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत टीएसएच असायलाच हवा, कारण उपचारानं सुधारू शकणाऱ्या मोजक्या कारणांपैकी हे एक आहे. जुन्या डॉक्टरांची एक युक्ती इथे फार उपयोगी पडते. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवायचं, पाऊल मोकळं लोंबू द्यायचं आणि टाचेमागच्या जाड शिरेवर हातोडीनं टकटक करायचं. थायरॉइड मंद असेल तर पाऊल झटक्यात खाली जातं, पण परत येताना रेंगाळतं. एकदा पाहिलं की विसरत नाही.

याचं टोक म्हणजे म्हातारं, वर्षानुवर्षं उपचार न केलेलं किंवा गोळी सोडलेलं माणूस, कडाक्याची थंडी, त्यात न्यूमोनिया किंवा लघवीतला जंतुसंसर्ग, वर कुणीतरी दिलेली झोपेची गोळी. माणूस गुंगीत जातं, अंग गार पडतं. इथे दोन चुका होतात. पहिली, पाऱ्याच्या घरगुती तापमापकाची पट्टीच 94–95 अंश फॅरनहाइटला सुरू होते. पारा हलला नाही की लोक म्हणतात, चला, ताप नाही. दुसरी चूक मायेपोटी होते. शेगडी आणतात, गरम पाण्याच्या पिशव्या लावतात. त्यानं कातडीच्या रक्तवाहिन्या एकदम उघडतात आणि रक्तदाब कोसळू शकतो. घोंगडी, रजई पुरे. आणि वेळ न घालवता अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठायचं.

ग्रंथी मंदावते का? आपल्याकडे आता सर्वांत मोठं कारण हाशिमोटो: शरीराच्या संरक्षक पेशी स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतात. जपानच्या हाकारू हाशिमोटोनं 1912 मध्ये त्याचं वर्णन केलं. रक्तातली अँटी-टीपीओ ही तपासणी त्याचा पुरावा. ती एकदा करावी. दर सहा महिन्यांनी तिचा आकडा किती उतरला हे पाहण्यात पैसे घालवू नयेत, उपचार त्यावर ठरत नाहीत. बाकी कारणं: ग्रंथी काढून टाकणं, किरणोत्सारी आयोडीन, लिथियम किंवा अमिओडॅरोनसारखी औषधं. आणि बाळंतपणानंतरच्या वर्षात येणारी ग्रंथीची सूज. ती फसवी असते. आधी दोन-तीन महिने ग्रंथीतला साठा सांडतो, त्यामुळे धडधड, चिडचिड, वजन उतरणं. मग साठा संपला की मंदी. तोवर डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी सगळं होऊन गेलेलं असतं आणि बाळंतीण अजून उठत का नाही यावर घरात कुजबुज सुरू झालेली असते. बहुतेकींची ग्रंथी सावरते, काहींची नाही. म्हणून वर्षभरानं पुन्हा तपासायचं.

तपासणीतही पुष्कळ घोळ आहेत. टीएसएचला उपाशी असण्याची गरज नाही, पण तो पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो. म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला रक्त द्यावं. गोळी चालू असेल तर त्या सकाळी रक्त दिल्यावर गोळी घ्यावी, नाहीतर फ्री टी-फोर खोटाच चढलेला दिसतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. मोठ्या मात्रेतलं बायोटिन काही यंत्रांना चकवतं, टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटं जास्त दाखवतं. निदान दोन दिवस आधी ते बंद ठेवायचं. डेंग्यू किंवा दुसऱ्या मोठ्या दुखण्यात टीएसएच वर-खाली होतोच, त्या आठवड्यातल्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

आणि शिबिरं. मोफत तपासणीत 6.2 आला आणि जन्मभराची गोळी सुरू झाली, असं होता कामा नये. थोडाच वाढलेला टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचा, अनेकदा तो आपोआप खाली आलेला असतो. सत्तरीपुढे सहा-सात हा बऱ्याचदा वयाचाच आकडा असतो. टीएसएच 10 च्या वर टिकून राहिला, किंवा टी-फोरही कमी असेल, तर बहुधा गोळी लागते. मधल्या पट्ट्यात लक्षणं, अँटी-टीपीओ, कोलेस्टेरॉल आणि मूल हवं आहे का, हे पाहून ठरवायचं. दिवस राहिले असतील तर मात्र हे सगळे हिशेब वेगळे.

आता गोळी. लेव्होथायरॉक्सिन म्हणजे ग्रंथी बनवते तेच टी-फोर, बाहेर बनवलेलं. हे औषध नसतं तर काय झालं असतं? 1891 मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी 46 वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचायला सुरुवात केली. पुढे तो तोंडाने द्यायला लागले. ती बाई आणखी 28 वर्षं जगली आणि तिच्यासाठी 870 मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. माणदेशातल्या धनगराला विचारा, 870 मेंढ्या म्हणजे किती कळप. आज तेच काम पन्नासची गोळी करते. पन्नास म्हणजे 50 मायक्रोग्रॅम, बारीक मिठाच्या जवळपास एका दाण्याएवढं.

ग्रंथी पूर्ण बंद असेल तर वजनाच्या दर किलोला साधारण 1.6 मायक्रोग्रॅम लागतं. 60 किलोच्या माणसाला 96, म्हणजे शंभरची गोळी. ग्रंथी थोडी चालू असेल तर त्याहून कमी. म्हातारपण किंवा हृदयविकार असेल तर साडेबारा किंवा पंचवीसपासून सुरुवात करून जिना चढावा तसं चढायचं. मंद सवय झालेल्या हृदयाला एकदम पळवलं तर छातीत दुखतं. गोळी पोटात गेल्यावर टी-फोर निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, म्हणून मात्रा बदलल्याचा खरा परिणाम सहा ते आठ आठवड्यांनी दिसतो. पाटाला पाणी सोडलं म्हणून शेवटच्या रानात लगेच पोहोचत नाही. पंधरा दिवसांनी रक्त तपासून पन्नासची पंच्याहत्तर करणं म्हणजे निम्म्या वाटेवरच्या पाण्याकडे बघून दार अजून उघडणं. त्राण दोन-तीन आठवड्यांत यायला लागतं. केस आणि कातडीला महिने लागतात.

या गोळीचा खरा शत्रू आपल्या घरातच आहे, आणि तो पहाटे पाचला गॅसवर उकळत असतो. रिकाम्या पोटी आतडं गोळीतलं 70 ते 80 टक्के औषध उचलतं. पोटात काही असलं की ते प्रमाण घसरतं, आणि रोज वेगवेगळं घसरतं. कॉफीनं शोषण कमी होतं, दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं. म्हणून गोळी साध्या पाण्याबरोबर आणि नंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, काही नाही. ऐकायला किती सोपं! पण इकडच्या घरात चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं.

"आत्या, मी तासाभरानं घेते."

"अगं, घोटभर घेतल्यानं काय होतंय?"

घोटभर घेतल्यानं एक दिवस काही होत नाही. रोजच्या घोटानं टीएसएच 8 वर अडकतो, डॉक्टर मात्रा वाढवतात, मग मध्येच कुणीतरी नियम नीट पाळायला लागतं आणि तीच मात्रा जास्त होऊन धडधड सुरू होते. वाढत्या मात्रेवरही टीएसएच उतरत नसेल तर आधी विचारावं ते चहाबद्दल, मग ॲसिडिटीच्या गोळ्यांबद्दल. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल रोज घेतल्यानं पोटातलं आम्ल कमी होतं आणि गोळी नीट विरघळत नाही.

पहाटे उठल्या उठल्या धारा काढायला जायचं आणि चहाशिवाय गोठ्यात पाऊल पडत नाही, असं असेल तर सकाळचा हट्ट सोडावा. रात्री, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी घेतलेली गोळी तितकीच चांगली लागू पडते. अडचण एवढीच की आठला जेवून साडेनऊला झोपणाऱ्या घरात ते तीन तास सापडत नाहीत. मग रात्री लघवीला उठणाऱ्यांनी उशाशी गोळी आणि तांब्या ठेवावा. वेळ कुठलीही असो, पोट रिकामं हवं आणि रोजची रीत तीच हवी.

बाटलीतल्या गोळ्या असतील तर त्या बाटलीतच ठेवायच्या, आतली ओल शोषणारी पुडी फेकायची नाही, झाकण घट्ट लावायचं. ऊन, उष्णता आणि दमट हवा या औषधाला सोसत नाही. गॅसशेजारचा कट्टा, देवघराची खिडकी, न्हाणीघराचा कोनाडा, या तिन्ही जागा वाईट, आणि बाटल्या सापडतात त्या बहुधा तिथेच. कंपनी बदलली तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा पाहावा.

गर्भारपणात तर वेळापत्रकच मांडावं लागतं. पहिल्या तिमाहीत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या टी-फोरवर चालते. म्हणून आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईनं दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना कळवायचं. मात्रा साधारण 25 ते 30 टक्क्यांनी वाढते, सोपा हिशेब म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. सोनोग्राफीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. त्यात लोह आणि कॅल्शियम सुरू होतं, आणि दोन्ही थायरॉइडच्या गोळीला अडवतात. मध्ये चार तास हवेत. जमणारी रीत अशी: सकाळी सहाला थायरॉइड, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, चारचा चहा, साडेपाचच्या पुढे लोह, रात्रीच्या जेवणाबरोबर दुसरं कॅल्शियम. लोह आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर लागतंच, कारण चहा लोहाचाही वैरी. बाळंत झाल्यावर मात्रा पुन्हा जुन्यावर आणायची, हे सगळेच विसरतात.

आणि बाळ. "किती गुणी आहे, रडतच नाही," असं ज्याचं कौतुक होतं, दूध प्यायलाही ज्याला उठवावं लागतं, ज्याची कावीळ लांबते, शी कडक होते, बेंबी फुगलेली राहते, रडलं तर आवाज घोगरा येतो, त्या बाळाची टाच टोचून रक्त तपासलं पाहिजे. खरं तर लक्षणांची वाट न पाहता प्रत्येक बाळाचं तिसऱ्या ते पाचव्या दिवशी व्हायला हवं, कारण सुरुवातीला बहुतेक बाळं ठणठणीतच दिसतात. दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू झालं तर मेंदू वाचतो. उशीर झाला की गेलेलं परत येत नाही. मात्रा किलोला 10 ते 15 मायक्रोग्रॅम. गोळी दोन चमच्यांमध्ये चुरडून, थोड्याशा पाण्यात किंवा आईच्या दुधात मिसळून लगेच चमच्यानं पाजायची. बाटलीभर दुधात घातली तर तळाशी राहते. थोड्या मोठ्या मुलांत उंची वाढायची थांबते. उंच आणि गुबगुबीत पोराच्या वजनामागे सहसा थायरॉइड नसतो.

वजनाचं एकदाचं सांगून टाकू. मंद थायरॉइडनं वाढणारं वजन बहुतेकांत दोन ते पाच किलो असतं आणि त्यातलं पुष्कळसं मीठ-पाणी. वीस किलो थायरॉइडच्या नावावर टाकता येत नाहीत. "बारीक होतं" म्हणून जास्तीची गोळी घेणाऱ्यांचं हृदय अनियमित धडधडायला लागतं आणि हाडं ठिसूळ होतात, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांची. एकदा निदान झालं की प्रत्येक कुरबुर त्याच खुंटीवर टांगायची, हीही एक सवय झाली आहे. टीएसएच 2 वर आला तरी थकवा तसाच असेल तर हिमोग्लोबिन, बी-12, डी, झोप आणि घोरणं यांच्याकडे बघावं.

मीठ. जमिनीतलं आयोडीन पावसानं धुऊन समुद्राला जातं, म्हणून 1962 पासून सरकारनं गलगंडाविरुद्ध आयोडीनयुक्त मिठाचा कार्यक्रम चालवला. घरात पोहोचलेल्या मिठात दर ग्रॅममागे निदान 15 मायक्रोग्रॅम आयोडीन हवं, मोठ्या माणसाची रोजची गरज 150. लोणच्याला, पापडाला खडे मीठ वापरलं तर बिघडत नाही. पण "नैसर्गिक" म्हणून रोजच्या आमटीत सैंधव घालणारं घर साठ वर्षांचं काम उलटं फिरवतं. मात्र हाशिमोटो झालेल्याला मीठ बदलून गुण येत नाही, आणि आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्री शेवाळाची पूड घेतली तर बिघाड वाढू शकतो.

कोबी-फ्लॉवर शिजवून खावा, भीती नाही. सोयाबीन या दोन्ही जिल्ह्यांत पिकतं. ते थायरॉइड बिघडवतं यापेक्षा गोळीचं शोषण अडवतं हे जास्त खरं, म्हणून गोळीपासून लांब ठेवावं. बाजरीबद्दल मात्र थोडं थांबावं लागतं. सुदानच्या दारफुरमध्ये बाजरी हेच मुख्य अन्न असलेल्या भागातल्या गलगंडाच्या अभ्यासात तिच्यातली काही रसायनं ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात असं दिसलं, आणि ती शिजवून जात नाहीत. पण तिथे आयोडीनही कमी होतं. माण-खटावच्या माणसानं थंडीतली बाजरीची भाकरी सोडायची गरज नाही. घरात मीठ आयोडीनचं असावं आणि उन्हाळ्यात ताटात शाळूही यावा.

राहिली वारी. आषाढात ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण करत सातारा जिल्ह्यातून जाते तेव्हा तिच्यात गोळ्यांच्या बाटल्याही चालत असतात. पहाटे तीनला उठणं, टँकरखाली अंघोळ, आणि तंबूच्या दाराशी कुणीतरी भक्तिभावानं पुढे केलेला चहाचा कप. तो नाकारता येत नाही, मग गोळी राहते. अशा दिवशी ती दुपारच्या जेवणाआधी, पोट रिकामं असताना घ्यावी. तेही चुकलं तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी बहुतेकांना चालतं, कारण साठा सात दिवसांच्या हिशेबानं उतरतो. हृदयाचं दुखणं असेल त्यानं मात्र दोन घेऊ नयेत, नुसती पुढची घ्यावी. तीन आठवडे सलग चुकवू नये, एवढंच. बाटली प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून पिशवीच्या मधोमध ठेवावी, वरच्या कप्प्यात पाऊस शिरतो. आणि एकादशीला सैंधव घातलेली साबुदाण्याची खिचडी खुशाल खावी. ग्रंथीत दोन-तीन महिन्यांचा साठा असतो, एका उपवासानं तो संपत नाही.